सोलरची प्लेट कोण फिरवतं?

१

“चोर ज्याच्या घरातला निघंल, त्यानं बाजारच्या दिवशी बसस्टँडसमोर दुसऱ्याला बाजेवर झोपवायचं आणि हातपंख्यानं वारा घालायचा. समोरचा घोरायला लागेपर्यंत हात थांबवायचा न्हाय.”

भीमाशंकरनं ही शर्त लावली तेव्हा लोहाऱ्यात मार्गशीर्षाचा असा गारठा पडला होता, की बाकड्यावरची माणसं चहाचा कप पिण्यापेक्षा हात शेकायलाच जास्त धरून बसली होती. असल्या थंडीत हातपंख्याचा वारा म्हणजे घालणाऱ्याला शिक्षा का घेणाऱ्याला, हेच कुणाला कळेना. सगळे हसले. हसला नाही तो फक्त गुरुसिद्धप्पा. त्यानं मफलर घट्ट केला, दोन्ही मिशा बोटानं सरळ केल्या आणि म्हणाला, “कबूल. शरणप्पा, तू साक्षीदार.”

बाकडं शरणप्पाच्या दुकानापुढचंच. दुकान गुरुसिद्धप्पाच्या घराला लागूनच, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकायचा तो. त्यानं मान हलवली आणि आत जाऊन आणखी चहा सांगितला, कारण आता मजा येणार हे त्यानं ओळखलं होतं.

गुरुसिद्धप्पा म्हणजे घरमालक, आडत दुकानदार. पुढं त्याचं स्लॅबचं घर, मागं अंगणात पत्र्याच्या दोन भाड्याच्या खोल्या. एका खोलीत भीमाशंकर आणि त्याची बायको शांतम्मा. भीमाशंकरचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. पन्नाशीला टेकला तरी अंगातलं पोरगेपण गेलं नव्हतं. गेल्या दिवाळीत यानंच भर चौकात माईकवरून पुकारलं होतं, की गुरुसिद्धप्पा आडते यांची कवळी सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी. गुरुसिद्धप्पाचे सगळे दात जागेवर होते. पण तेव्हापासून गिऱ्हाईक आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं आणि मग भाव विचारायचं.

दुसऱ्या खोलीत मल्लेश मास्तर आणि त्याची बायको वैष्णवी. मल्लेश अणदूरच्या शाळेवर. पहाटे अंधारात पहिली एसटी धरायचा, अंधार पडल्यावर परत यायचा. वैष्णवी पोटुशी होती, बाळ यायचं होतं ऐन शिमग्यानंतरच्या उन्हात. पत्र्याची खोली, दुपारची लाईट कायम गेलेली, त्यात तान्हं बाळ. याचा विचार करून मल्लेशनं सोलरची प्लेट, बॅटरी आणि छोटं यंत्र असं बिऱ्हाड आणलं. भाडेकरू माणूस, बदली झाली की प्लेटपण टेम्पोत टाकून सोबत नेता आली पाहिजे, आणि मालकाचीही अट होती की स्लॅबला एक भोक पाडायचं नाही. म्हणून त्यानं चाकांचा लोखंडी गाडा करून घेतला आणि त्यावर प्लेट बसवली. मालकाच्या गच्चीवर गाडा, तिथून वायर खाली खोलीत. मालकाच्या मीटरचं काहीही होवो, आपला दिवा आपल्या हातात.

सुरुवात झकास झाली. इतकी, की मल्लेशनं एक वायर शेजारच्या खोलीत ओढून भीमाशंकरकडंही एक बल्ब लावून दिला. पहिल्यांदा तो लागला तेव्हा शांतम्मानं दिवेलागणीला जोडतात तसे हात जोडले आणि विचारलं, हा उजेड येतो कुठनं? भीमाशंकर ऐटीत म्हणाला, “हा बल्ब म्हंजे नुसता देखावा. खरा दिवा वर गच्चीत हाय. बसस्टँडकडं तोंड करून बसलाय.”

त्यानंतर काही दिवसांतच गडबड सुरू झाली. रविवारी बॅटरी काठोकाठ, बाकीचे दिवस अर्धी. स्वयंपाक उरकायच्या आत दिवा डोळे मिटायचा. थंडीत दिव्याची ही गत, तर उन्हाळ्यात पंखा काय चालणार? रविवारी मल्लेश प्लेट पुसायला वर जायचा तेव्हा त्याला दिसायचं, की दक्षिणेला बसस्टँडकडं ठेवलेली प्लेट वळून उगवतीकडं बघतीय. सकाळचं कोवळं ऊन तेवढं मिळायचं, दुपारचं सगळं पाठीवर. तो सरळ करायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

म्हणजे चोरी होत होती. चोरीला जात होतं ते दुपारचं ऊन.

मल्लेश बिचारा नाव घेत नव्हता, पण भीमाशंकरनं बाकड्यावर बसून मोठ्यानं घेतलं. मालकाला गच्चीवर प्लेट नको होती, मग दुसरं कोण फिरवणार? गुरुसिद्धप्पा भडकला. तो म्हणाला, या गावात असला चावटपणा करणारा एकच माणूस हाय आणि तो माझ्याच खोलीत राहतो. बाकड्यावरच्या सगळ्यांनी भीमाशंकरकडं बघितलं. बरेच जण माना डोलवत होते.

त्यातून ही शर्त निघाली. आणि वरून गुरुसिद्धप्पानं आपलं शेपूट जोडलं. मार्गशीर्षाच्या अमावास्येला शेतात साजरी होते त्या येळवशीच्या आदल्या दिवसापर्यंत चोर सापडला पाहिजे. न्हाय सापडला, तर प्लेट खाली. घरमालक असून आपल्याच गच्चीवर चोर म्हणवून घ्यायची त्याला हौस नव्हती.

येळवस तोंडावर आली होती. आणि अंगणाच्या दाराशी वैष्णवी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

२

भीमाशंकर सकाळी गच्चीवर गेला. प्लेटनं उगवतीकडं तोंड केलं होतं, जसं काही कुणी तिला न्हाऊ-माखू घालून पाटावर बसवलंय. आदल्याच दिवशी, रविवारी, मल्लेशनं ती स्वतः सरळ केली होती.

त्यानं गाडा नीट बघितला. कुठं ठोकर नाही, ओरखडा नाही, वायरला ताण नाही. काचेवर धूळसुद्धा नाही. त्याला पहिली गोष्ट खटकली ती हीच. खोडी काढणारा माणूस असा नसतो. हे त्याच्याइतकं लोहाऱ्यात कुणाला ठाऊक असणार? त्याला स्वतःला खोडी काढायची असती तर त्यानं प्लेट भिंतीकडं वळवली असती, न्हायतर वर पोतं टाकलं असतं. ही मात्र दर वेळी नेमकी उगवतीकडं. ना ईशान्येला, ना आग्नेयेला.

त्यानं प्लेट पुन्हा बसस्टँडकडं केली आणि खाली येऊन मालकाची चौकशी सुरू केली. मालक देवपूजा करून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून नुकताच बाहेर आला होता.

“आप्पा, तुमी रोज वर जाता?”

“जातो की. चिमण्यांना जवारी टाकायला. दिस उगवायच्या वक्ताला.”

“मग प्लेट फिरल्याली दिसली न्हाय कधी?”

“दिसली म्हंजे? सूर्याकडं तोंड करून तर असायची. सोलरच हाय ना ते? मला वाटलं ती तशीच असती.”

भीमाशंकर त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. आडत दुकानात आयुष्य गेलेला माणूस खोटं बोलताना इतका भोळा दिसू शकतो, हे त्याला माहीत होतं. पण हा खरंच भोळा दिसत होता. आणि खरं असेल, तर दिवस उगवायच्या आतच प्लेट फिरलेली असते.

दुसऱ्या दिवशी तो चिमण्यांच्याही आधी, चांगलं अंधारातच, घोंगडं पांघरून वर गेला.

प्लेट फिरलेली होती.

३

मालकाची सून शिवांजली रोज गच्चीवर कपडे वाळत घालायची. प्लेट आल्यापासून तिची एक दोरी गेली होती, म्हणजे राग असायला कारण होतं. भीमाशंकरनं तिला जिन्याच्या पायथ्याशी गाठलं. थंडीनं टाचा फुटल्या म्हणून तिनं पायात लोकरी मोजे घातले होते आणि त्यावर चप्पल. ती चालली की चटक-चटक आवाज व्हायचा आणि सगळ्या अंगणाला कळायचं, सूनबाई कुठं आहेत.

तिनं सरळ सांगितलं, की दोरी गेल्याचा राग आहे, पण तो तिनं मल्लेशला तोंडावर सांगून संपवलाय. आणि वैष्णवीच्या बाळासाठी चाललंय म्हटल्यावर ती कशाला मोडता घालील? मग तिनं एक कामाची गोष्ट सांगितली. काल दिवेलागणीच्या आधी ती कपडे काढायला गेली होती, तेव्हा प्लेट बसस्टँडकडंच होती.

“नक्की?”

“काका, मामंजींचं धोतर वाऱ्यानं उडून तिच्यावर पडलं होतं. म्याच उचललं. नक्की.”

म्हणजे कपडे काढल्यापासून ते पहाटेपर्यंत. भीमाशंकरनं मांडीवर थाप मारली. चोर रात्रीचाच.

त्या दिवशी त्यानं प्लेट सरळ केली. जेवण झाल्यावर मंडपाच्या सामानातलं भलंमोठं कुलूप काढून जिन्याच्या दाराला ठोकलं आणि किल्ली उशाखाली घेतली. वर जाऊन बघायचा कंटाळा केला. एक तर अंधार, त्यात थंडी. शांतम्मानं विचारलं, काय चाललंय? त्यानं सांगितलं, बायकांना कळायचं न्हाय, डिटेक्टिव्हचं काम हाय. ती कूस बदलून झोपली.

सकाळी कुलूप जागच्या जागी, किल्ली उशाखाली. त्यानं दार उघडलं आणि उड्या मारत वर गेला.

प्लेट उगवतीकडं बघत होती.

४

आता गच्चीवर यायला दुसरी वाट एकच. शरणप्पाच्या गच्चीची. मधे गुडघ्याएवढी भिंत. आणि शरणप्पाला कारणही मोठं होतं. मल्लेशनं त्याचा इन्व्हर्टर घ्यायचं सोडून सोलर आणलं होतं.

शरणप्पा बॅटरीत पाणी ओतत होता. भीमाशंकरनं गोड बोलून सुरुवात केली, मग आडून विचारलं, मग सरळच विचारलं. शरणप्पानं पाण्याची बाटली खाली ठेवली आणि पोट धरून हसला. म्हणाला, मल्लेशची बॅटरी कुणाची हाय? म्याच दिली. ती अर्धीच भरायला लागली तर गावात नाव माझं खराब हुईल. सगळे भाडेकरू मल्लेशकडं बघायलेत. त्याचं चाललं तर निम्मं गाव प्लेटा आणील आणि बॅटऱ्या माझ्याकडनं नेईल. “भीमा, तुला चोर सापडावा म्हणून म्या अभिषेक बोललोय.”

यात खोट काढायला जागा नव्हती. मालक नाही, सून नाही, शेजारी नाही. मल्लेश स्वतःची प्लेट फिरवणार नाही, वैष्णवीला जिना चढायला डॉक्टरांची मनाई. गावात मात्र लोकांनी उत्तर काढून टाकलं होतं. भीमाशंकर दिसला की पोरं ओरडायची, काका, पंखा आणलाय का? मल्लेशही आता त्याच्याशी जरा जपून बोलायला लागला होता. हे मात्र भीमाशंकरला लागलं. आयुष्यभर त्यानं लोकांना हसवलं, पण पोटुशा पोरीचा दिवा विझवणारा माणूस म्हणून त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

येळवस आता अगदी उंबऱ्याशी आली होती. त्यानं शेवटचा डाव टाकला. मंडपाच्या आखणीला लागणारा चुना त्याच्याकडं असायचाच. दुपारी वर जाऊन त्यानं प्लेट सरळ केली आणि गाड्याभोवती चुन्याची पातळ भुकटी भुरभुरली. मग खाली येऊन स्पीकरच्या कामाला निघून गेला. रात्री परत कुलूप घातलं.

सकाळी वर गेला आणि त्याचे डोळे चमकले. प्लेट फिरलेली होती आणि चुन्यात पावलं उमटली होती. शरणप्पाच्या भिंतीकडून नाही, जिन्याकडून आलेली, आणि जिन्याकडंच गेलेली. अनवाणी.

मार्गशीर्षाच्या गारठ्यात, बर्फासारख्या स्लॅबवर, अनवाणी कोण येतं? तो गुडघ्यावर बसला. पावलं लहान होती. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली एक बारीक गोल खूण होती. जोडव्याची. आणि प्लेटच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एक बोट लागलेलं होतं.

बाई होती. या घरात रोज गच्चीवर जाणारी, जोडवी घालणारी बाई एकच. सूनबाई.

म्हणजे चोर गुरुसिद्धप्पाच्या घरातला. भीमाशंकर जिना उतरला नाही, तरंगत आला. तसाच बाजारात गेला आणि झालरीचा लाल हातपंखा घेऊन आला. निवाडा संध्याकाळी अंगणात होईल, असं त्यानं जाहीर करून टाकलं.

५

दिवेलागण झाली. अंगणात येळवशीच्या भज्जीची, म्हणजे मिसळ भाजीची, तयारी चालली होती. बायका गोल करून तुरीच्या, वालाच्या शेंगा सोलत होत्या. भीमाशंकर आपल्या खोलीत मिशीला तेल लावत निवाड्याचं भाषण जुळवत होता.

शांतम्मा हात धुऊन आत आली. चप्पल उंबऱ्याबाहेर सोडली, देवळीतला दिवा लावला. सकाळी भीमाशंकरनं पंखा ठेवायला जागा करताना निरांजन सरकवलं होतं. तिनं वात बघितली, जिभेनं चक् केलं आणि दोन बोटांनी निरांजन हळूच फिरवलं. वातीचं तोंड उगवतीला. मग कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

मिशीवरचा हात मिशीवरच राहिला.

अनवाणी. कुंकू. हलक्या हातानं. दर वेळी नेमकं उगवतीला. आणि दिवेलागणीच्या वक्ताला, म्हणजे सूनबाई कपडे घेऊन उतरल्यावर आणि तो कुलूप घालायच्या कितीतरी आधी. चोर गेल्यावरच तो दाराला कुलूप घालत होता. शिवाय शिवांजलीच्या पायात तर लोकरी मोजे. मोज्यातून जोडव्याची खूण चुन्यात उमटते होय?

त्यानं हळूच खाली बघितलं. शांतम्मा वळून बाहेर निघाली होती. आजही ती वर जाऊनच आली होती. हात धुतले होते, टाचा धुवायच्या विसरली होती. दोन्ही टाचा पांढऱ्या होत्या.

बसस्टँडकडं तोंड करून बसलाय, असं कोण बोललं होतं? तोच बोलला होता. खरा दिवा वर गच्चीत हाय, असं कोण बोललं होतं? तोच. साऱ्या वाड्या-वस्तीची चौकशी झाली होती, फक्त आपल्या घरात विचारायचं राहिलं होतं.

भीमाशंकर खाली बसला. आता काय? वाऱ्यानं फिरती म्हणावं, माकडं आली म्हणावं, तर शर्त वाचत होती. पण मग चोर सापडला नाही असा अर्थ होतो आणि उद्या प्लेट खाली. सूनबाईचं नाव घ्यावं तर तो जिंकत होता, पण मग जोक राहत नव्हता, नुसता हलकटपणा राहत होता. तेवढ्यात बाहेरून गुरुसिद्धप्पानं हाक दिली.

“भीमा, ये बाहेर. सगळे जमलेत.”

त्यानं लाल पंख्याकडं बघितलं, आणि त्याला आतून हसू फुटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याची इतकी साग्रसंगीत फजिती केली होती. तीही घरच्या घरी.

६

अंगणात मालक खुर्चीवर, शरणप्पा साक्षीदार म्हणून पायरीवर, मल्लेश खांबाला टेकून. भीमाशंकरनं पंखा पाठीमागं धरला आणि सगळं ओळीनं सांगितलं. चिमण्यांच्या आधीची वेळ, सूनबाईनं उचललेलं धोतर, कुलूप, चुना, अनवाणी पावलं. लोक शेंगा सोलायचे थांबले. मग तो म्हणाला, हा चोर चोरी करायला आलाच नव्हता. देवळात येतो तसा चप्पल काढून यायचा. त्याला ऊन न्यायचं नव्हतं, दिव्याचं तोंड नीट करायचं होतं. “आणि आप्पा, चोर माझ्या घरातला हाय.”

सगळ्यांच्या माना शांतम्माकडं वळल्या. ती शेंग सोलतच होती.

“म्या फिरवते,” ती म्हणाली. “त्यात चोरी कसली? मल्लेश रविवारी पुसायला जातो आणि वाकडी ठेवून येतो. मला वाटलं पोरगं घाईत असतं. म्या दिवेलागणीला सरळ करते. ह्या आठवड्यात तर रोजच वाकडी.”

रोज वाकडी करणाऱ्या भीमाशंकरनं आभाळाकडं बघितलं.

मल्लेश चाचरत म्हणाला, काकू, सोलरची प्लेट दक्षिणेलाच ठेवतात. शांतम्मानं त्याला हातानं थांबवलं आणि वैष्णवीला आतून मिठाचं मडकं आणायला पाठवलं. ती दाराआड गेल्यावर आवाज उतरवून बोलली.

“दक्षिणेकडं तोंड करून दिवा वर्षातनं एकदा लावत्यात. धनतेरसेला. कुणासाठी लावत्यात ते ह्या पोरीसमोर म्या तोंडानं बोलू? तिच्या पोटात लेकरू हाय आणि घराचा दिवा रोज तिकडं तोंड करून. तुमी सांगा आप्पा, तुमच्या सुनेच्या डोक्यावर तसा लावला असता?”

यमाचा दिवा अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होता. गुरुसिद्धप्पानं खुर्चीत चुळबुळ केली. मल्लेश मास्तरनं शाळेत शिकवायचं सगळं विज्ञान मनातल्या मनात चाळलं आणि पुन्हा मिटून ठेवलं. दाराशी वैष्णवी मडकं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन शांतम्माशेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

“मग पंखा कसा चालायचा, काकू?” तिनं हळूच विचारलं. “उगवतीला तोंड केलं की दुपारचं ऊन जातंय सगळं.”

शांतम्माचे हात पहिल्यांदा थांबले. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं थोडा विचार केला आणि अगदी सहज निकाल देऊन टाकला.

“मग दिवसा बसू दे की कुठंबी तोंड करून. दिवसा ती दिवा कुठं असती, ऊन पिती. दिवेलागणीला तेवढी उगवतीला पाहिजे.”

शरणप्पा पायरीवरून उठून उभा राहिला. एवढंच? एवढ्यासाठी आठवडाभर अख्खं लोहारा गाव जागं? मल्लेशनं सांगितलं, दिवस मावळल्यावर ती कुठंही बघू दे, काडीचा फरक पडत नाही. फक्त सकाळी फिरवायला तो घरी नसतो.

गुरुसिद्धप्पा खाकरला. “सकाळी चिमण्यांना जवारी टाकायला म्या जातोच. जाता जाता बसस्टँडकडं करीन.” मग सगळे आपल्याकडं बघतायत हे ध्यानात येऊन त्यानं आवाज चढवला. “प्लेट ऱ्हाईल. भाडेकरूंनी पायजे तेवढ्या लावाव्या, भोक पाडू नये. आणि मल्लेश, एक वायर आमच्या चुलीपाशी आली तर बघ. भाकरीच्या वक्ताला लाईट जाती.”

शिवांजली पदराआड हसली. घरमालक भाडेकरूकडं दिवा मागत होता.

“आता शर्तीचं,” गुरुसिद्धप्पा म्हणाला आणि त्याच्या मिशा हलल्या.

भीमाशंकरनं लगेच मान झुकवली. शब्द म्हंजे शब्द, उद्याच वारा घालतो, बसस्टँडसमोर. गुरुसिद्धप्पा हो म्हणता म्हणता थबकला. उद्या येळवस. उद्या अख्खं गाव शेतातल्या कडब्याच्या कोपीवर आंबील प्यायला जाणार, बसस्टँडवर कुत्रंसुद्धा राहणार नाही.

“बाजारच्या दिवशी,” तो म्हणाला. “भर बाजारात.”

७

बाजारच्या दिवशी बसस्टँडसमोर बाज पडली. भीमाशंकर हरला होता, पण हरायचं तर मंडप घालून हरायचं. त्यानं वर झालर लावली, बाजूला स्पीकर लावला आणि स्वतःच माईकवरून पुकारलं, की गुरुसिद्धप्पा आडते यांना वारा घालण्याचा कार्यक्रम थोड्याच वेळात सुरू होत आहे, माता-भगिनींनी पुढं बसावं. स्पीकर चालत होता मल्लेशच्या बॅटरीवर. ती काठोकाठ भरलेली होती.

बाजारातली माणसं मेथीच्या जुड्या हातात घेऊनच जमली. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टरनं घंटी मारायची लांबवली. गुरुसिद्धप्पा नवा फेटा बांधून आला, गावाकडं बघून हात जोडले आणि ऐटीत बाजेवर आडवा झाला.

भीमाशंकरनं लाल पंखा फिरवायला सुरुवात केली.

गार वारा मिशीतून शिरला आणि गुरुसिद्धप्पाचं अंग शहारलं. त्यानं मफलर गळ्यापाशी ओढला. भीमाशंकर अदबीनं वाकला आणि आणखी जोरात घालू लागला. मालकांना उकडतंय, असं त्यानं माईकवर सांगितलं. लोक हसून हसून एकमेकांवर पडायला लागले. मालकानं पाय पोटाशी घेतले. दात वाजायला लागले, आणि कुणीतरी ओरडलं, कवळी सांभाळा, आप्पा.

“पुरे आता,” गुरुसिद्धप्पा पुटपुटला.

“शर्तीत बसत न्हाय. घोरायला लागेपर्यंत हात थांबवायचा न्हाय, असं ठरलंय. साक्षीदार हाय.”

साक्षीदार शरणप्पानं गंभीरपणे मान हलवली.

मग गुरुसिद्धप्पानं डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. असं घोरला की बाजेच्या दोऱ्या थरथरल्या. भीमाशंकरनं माईक त्याच्या नाकापाशी धरला. लोहाऱ्याच्या बाजारात घोरणं घुमलं. त्यानं कान लावून ऐकलं, मान हलवली आणि जाहीर केलं, की हे खरं न्हाय, खऱ्याला शिट्टी असती, आमी पत्र्याच्या खोलीतनं रोज ऐकतो. आणि पुन्हा पंखा चालू. पुढं बसलेल्या वैष्णवीला हसता हसता पोट धरावं लागलं, आणि शांतम्मा तिला दटावत होती, की बाळाला हिसके बसतील.

ऊन कलंडलं. सावल्या बाजारभर लांब झाल्या. भीमाशंकरचा हात दुखायला आला होता, पण मालक कुडकुडतोय हे बघितलं की त्याला नवा जोर यायचा. कोण हरलं, कोण जिंकलं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

एवढ्यात समोरच्या हॉटेलात दिवा लागला.

गुरुसिद्धप्पाचं घोरणं पट्कन थांबलं. त्यानं एक डोळा उघडला, आभाळाकडं बघितलं, मग पुढं बसलेल्या शांतम्माकडं बघितलं, मग शिवांजलीकडं. घरातलं एकूण एक माणूस इथंच होतं.

“अगं शांतम्मा, तू इथं बसलीस, मग तिकडं प्लेट?”

आणि तो बाजेवरून उठला. जिंकलेली शर्त, फेटा, मंडप, सगळं तिथंच टाकून तो घराच्या दिशेनं पळत सुटला. चौकात एक चप्पल निसटली. ती उचलायला न थांबता त्यानं दुसरीपण सोडून दिली. नाहीतरी वर अनवाणीच जायचं होतं.

भीमाशंकरनं माईक उचलला. पण हसू इतकं दाटलं होतं, की त्याला एक शब्द पुकारता येईना. मग त्यानं लाल पंखा काखोटीला मारला, मालकाच्या दोन्ही चपला उचलल्या आणि त्याच्या मागं पळत सुटला.